निर्लेप तव्यावरचा लेप

'निर्लेप' हा शब्द मराठी माणसाच्या कानावर दोन ठिकाणी पडतो, कीर्तनात आणि स्वयंपाकघरात. बुवा सांगतात की ज्ञानी पुरुष संसारात राहूनही निर्लेप असतो, त्याला कशाचाच लेप लागत नाही. स्वयंपाकघरात मात्र निर्लेप म्हणजे तो काळा, गुळगुळीत तवा, ज्याच्यावरून घावन आपण होऊन सुटून येतं. या दुसऱ्या अर्थाचं श्रेय औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगरच्या) भोगले कुटुंबाकडे जातं. त्यांनी १९६८ साली नॉनस्टिक भांड्यांचा उद्योग सुरू केला आणि भांड्यांना नाव दिलं 'निर्लेप'. नाव इतकं चपखल बसलं की पुढे तवा कुठल्याही कंपनीचा असो, पुष्कळ मराठी घरांत त्याला 'निर्लेपचा तवा'च म्हणू लागले. कंपनी २०१८ साली बजाज इलेक्ट्रिकल्सने घेतली. नाव अजून चालू आहे.

गंमत अशी, की या निर्लेप तव्याचं सगळं मोठेपण त्याच्या लेपातच आहे. लेप उडाला की खाली उरतं ते साधं अ‍ॅल्युमिनियम, आणि त्यावर आंबोळी घालून बघा! तर हा लेप असतो कशाचा? त्याला पीटीएफई म्हणायचं, टेफ्लॉन म्हणायचं, की हल्ली पेपरात येतं ते पीफास? हे सगळे शब्द एकच आहेत की वेगळे? सवाल वाटतो तितका किरकोळ नाही, हे पुढे दिसेलच.

आमच्या मुहर्रकच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात जा. तव्याच्या खोक्यावर दोन-तीन भाषा असतात. अरबीत लिहिलेलं असतं 'गैर लासिक'. लासिक म्हणजे चिकटणारा. आणि 'गैर' तर आपलाच, गैरहजर, गैरसोय, गैरसमज यांतला. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'खाली मिन पीएफओए'. हा 'खाली'सुद्धा ओळखीचा निघतो, कारण 'ट्रक खाली केला' म्हणताना आपण तोच अरबी शब्द वापरतो, रिकामा या अर्थाने. इथले लोक तव्याला 'तावा'च म्हणतात, त्यामुळे दुकानदाराशी बोलताना काही अडत नाही. अडतं ते 'पीएफओए' या अक्षरांपाशी.

मागे संक्रांतीच्या तिळगुळाला बायकांच्या घोळक्यात हाच विषय निघाला होता. एक वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही इंजिनियर ना? मग सांगा, खोक्यावर पीएफओए-फ्री लिहिलंय, म्हणजे त्यात टेफ्लॉन नाही ना?" त्यांना थांबवून दुसऱ्या म्हणाल्या, "अहो, टेफ्लॉनने कॅन्सर होतो म्हणे. मी तर घरातले सगळे तवे टाकून दिले." तिसऱ्यांचं म्हणणं, "आमच्याकडे पंधरा वर्षं एकच तवा आहे, कुणाला काही झालं नाही." तिघींच्या बोलण्यात थोडं थोडं खरं होतं आणि शब्दांची मात्र पार खिचडी झाली होती. तिळगुळ खाता खाता ती निवडणं शक्य नव्हतं, म्हणून हा लेख.

सुरुवात नावापासून करू. पॉलिमरला मराठी परिभाषेत 'बहुवारिक' म्हणतात. तोच एक घटक पुन्हा पुन्हा जोडून झालेली लांबच लांब साखळी. पीटीएफई म्हणजे पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीन. नाव भयंकर दिसतं, पण फोडलं की सोपं. पॉलि म्हणजे अनेक, टेट्रा म्हणजे चार, फ्लुओरो म्हणजे फ्लोरीन, आणि इथिलीन हा दोन कार्बन अणूंचा वायू. मोगऱ्याचा गजरा डोळ्यांसमोर आणा. आतला दोरा कार्बनचा आणि भोवतीची दाट फुलं फ्लोरीनची. बाहेरून बघणाऱ्याला फुलंच दिसतात, दोरा दिसत नाही. याच दोऱ्यावर फ्लोरीनऐवजी हायड्रोजन गुंफला तर मिळतं ते आपलं पॉलिथिन, भाजीवाल्याची पिशवी. फरक सगळा फुलांचा. फ्लोरीन स्वतःचे इलेक्ट्रॉन इतके घट्ट धरून बसतो की दुसऱ्या कुणाशी देवाणघेवाण करायला तो तयारच नसतो. म्हणून तेल, पाणी, आम्ल, अंड्याचा बलक, कुणालाच तिथे धरायला जागा मिळत नाही. नळाच्या आट्यांवर प्लंबर गुंडाळतो ती पांढरी टेपही हीच. विमानातल्या तारांवरचं आवरण, रिफायनरीतल्या झडपांमधली सीलं, यांतही तीच असते. गल्फ एअरमध्ये किंवा बापकोत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींच्या हाताखालून ती रोज जात असणार.

हा पदार्थ कुणी ठरवून शोधला नाही. १९३८ सालच्या एप्रिलची ६ तारीख. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा २७ वर्षांचा रसायनतज्ज्ञ फ्रिजसाठी नवा वायू शोधत होता. टेट्राफ्लुओरोइथिलीन भरलेल्या एका नळकांड्याची तोटी उघडली तर वायू येईना. गळून गेला म्हणावं तर वजन जसंच्या तसं! एखाद्याने नळकांडं बाजूला टाकून दुसरं घेतलं असतं. प्लंकेट आणि त्याचा मदतनीस जॅक रीबॉक यांनी ते कापलं. आत मेणासारखी पांढरी भुकटी. वायूचे रेणू आपसांत जोडून त्यांचं बहुवारिक झालं होतं. पहिलं मोठं काम या भुकटीला मिळालं ते अणुबाँबच्या कारखान्यात. युरेनियम हेक्झाफ्लुओराइड हा वायू लागेल ते खाऊन टाकतो, त्याच्यापुढे टिकणारी सीलं याचीच झाली. 'टेफ्लॉन' हे व्यापारी नाव नोंदलं गेलं १९४५ साली. म्हणजे पीटीएफई हे पदार्थाचं नाव आणि टेफ्लॉन हे एका कंपनीच्या मालाचं नाव, जसं वनस्पती तूप आणि डालडा. ते नाव आता केमूर्स या कंपनीकडे आहे, ड्यूपाँटपासून २०१५ साली वेगळी झालेली.

बाँबच्या कारखान्यातून हे स्वयंपाकघरात आलं फ्रान्समार्गे. मार्क ग्रेगवार हा इंजिनियर मासेमारीच्या सामानासाठी या पदार्थाशी खटपट करत होता. त्याच्या बायकोने म्हटलं की हेच माझ्या तव्याला लाव की, अशी कथा सांगतात. (बायकोचं ऐकणारे नवरे फ्रान्समध्येही असतात तर.) १९५६ साली त्यांची कंपनी निघाली, टेफाल. टेफ्लॉनमधला 'टेफ' आणि अ‍ॅल्युमिनियममधला 'अल'. बहरीनमध्ये अल्बाने अ‍ॅल्युमिनियम गाळायला सुरुवात केली ती १९७१ साली, तोवर टेफाल तवे जगभर गेले होते. आखातात आज कुठल्याही नॉनस्टिक तव्याला सर्रास 'टेफाल' म्हणतात, जसं आपण निर्लेप.

आता कुणालाही पडावा असा प्रश्न. ज्याला काहीच चिकटत नाही, ते तव्याला कसं चिकटतं? त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमवर वाळूचा मारा करून किंवा आम्लाने त्याला खरबरीत करतात. मग एक अस्तर, त्यावर पीटीएफईचे थर, आणि ४०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजणी. लेप त्या खळग्यांत रुतून बसतो. त्याला धरून ठेवते ती खालची पकड. म्हणून स्टीलच्या उलथन्याने एकदा खोल चरा पडला की तिथून पापुद्रे सुटायला लागतात. आणि हो, अळवाच्या पानावरून पाणी घरंगळतं तिथे फ्लोरीनचा संबंध नाही. ती करामत पानावरच्या मेणाची आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक उंचवट्यांची.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता त्या पीएफओएकडे येऊ.

पीएफओए म्हणजे परफ्लुओरोऑक्टेनॉइक आम्ल. तो तव्याचा लेप नव्हेच. पीटीएफई पाण्यात तयार करताना त्याच्या कणांचा गोळा होऊ नये म्हणून साबणासारखं काहीतरी लागतं, तो साबण म्हणजे पीएफओए. भाजणीत त्याचा बहुतेक भाग निघून जातो, तयार तव्यावर उरलाच तर अगदी नगण्य. त्यामुळे 'पीएफओए-फ्री' हे वाक्य खाणाऱ्यापेक्षा कारखान्याशेजारी राहणाऱ्यासाठी महत्त्वाचं आहे. त्याची किंमत भरली ती अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या पार्कर्सबर्ग गावाने. तिथल्या टेफ्लॉनच्या कारखान्यात पीएफओए १९५१ पासून वापरात होता. एका शेतकऱ्याच्या गाई एकामागून एक मरायला लागल्या. रॉब बिलॉट या वकिलाने १९९९ साली कंपनीवर दावा लावला. पुढे तडजोडीतून सुमारे ६९,००० लोकांची रक्ततपासणी झाली आणि तज्ज्ञांच्या मंडळाने २०१२ पर्यंत सहा आजारांशी पीएफओएचा संबंध संभाव्य ठरवला. मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याची सूज, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. २०१७ साली कंपन्यांनी सुमारे ६७ कोटी डॉलर देऊन साडेतीन हजारांवर दावे मिटवले. 'डार्क वॉटर्स' हा २०१९ चा सिनेमा याच बिलॉटवरचा. २०१९ सालीच स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओए गेला, आणि २०२३ साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं.

म्हणजे टेफ्लॉनने कॅन्सर होतो म्हणणाऱ्या वहिनींनी ऐकलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं, फक्त आरोपी दुसरा होता. आणि पहिल्या वहिनींना उत्तर असं, की पीएफओए-फ्री तव्यात पीटीएफई असू शकतं, बहुधा असतंच. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी पीएफओए २०१५ पर्यंत बंद केला, म्हणजे खोक्यावरचं वाक्य खरं आहे. पण त्याच्या जागी दुसरा साबण आलाच ना! ड्यूपाँटने आणलेल्या साबणाला 'जेनएक्स' म्हणतात. तोही फ्लोरीनचाच, आणि २०१७ साली तो नॉर्थ कॅरोलिनातल्या केप फिअर नदीच्या पाण्यात सापडल्याचं जाहीर झालं.

इथे पाचवा शब्द कामाला येतो, पीफास. हे एका पदार्थाचं नाव नाही, कुळाचं नाव आहे. आडनावासारखं म्हणा. २०२१ साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने व्याख्या केली, की ज्या रेणूत एकतरी कार्बन पूर्णपणे फ्लोरीनने वेढलेला आहे तो, काही अपवाद सोडून, पीफास. हजारो संयुगं यात येतात. पीएफओए येतो, जेनएक्स येतो, विमानतळांवर आग विझवायला वापरत आलेला फेस येतो, आणि त्या व्याख्येने आपलं पीटीएफईसुद्धा येतं. उद्योगांचं म्हणणं, की पीटीएफईचा रेणू इतका प्रचंड असतो की तो शरीरात शोषलाच जात नाही, तेव्हा त्याला या कुळात मोजू नका. रेणू मोठा आहे हे खरंच. तव्याचा पापुद्रा पोटात गेला तर तसाच बाहेर पडतो. पण माझ्या मते नाव देताना नुसता तवा बघून चालणार नाही, तो बनवताना काय लागलं आणि फेकल्यावर त्याचं काय होणार हेही बघायला हवं. सरकारांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून पीफास घातलेल्या भांड्यांच्या विक्रीवर बंदी आणली. उलट फ्रान्सने त्याच वर्षी पीफासविरुद्ध कायदा केला तेव्हा भांडी त्यातून वगळली. टेफाल कुठल्या देशाची, हे वर आलंच आहे.

लेपाचा असा अनुभव मुहर्रकला नवा नाही. हे मोत्यांच्या व्यापाराचं गाव. इथल्या जुन्या गलबतांच्या पाण्याखालच्या फळ्यांना चुना आणि जनावराची चरबी यांचा लेप देत, कीड लागू नये आणि शिंपल्या चिकटू नयेत म्हणून. नंतर जगभरच्या जहाजांना त्याच कामासाठी कथिलाच्या संयुगाचे रंग लागले. काम फक्कड करायचे, पण बंदरातल्या शंख-शिंपल्यांचे नर-माद्यांचे अवयवच बिघडायला लागले. २००८ पासून त्यांच्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. हिद्दच्या गोदीत काम केलेल्यांना तो जुना रंग खरवडतानाची खबरदारी आठवत असेल. चिकटू न देणारा लेप अंगावर टिकतो तसाच पाण्यातही टिकतो, हाच त्रास. कार्बन आणि फ्लोरीनची गाठ तर निसर्गात सहसा कुणाला सुटतच नाही.

आता घरातलं. पीटीएफईला २६० अंश सेल्सिअसपर्यंत काही होत नाही. तव्यावर ओलं पीठ किंवा भाजी आहे तोवर उष्णता पाण्यात खर्च होते, आणि तळणीचं तेलही १८०-१९० अंशांवरच असतं. धोका रिकाम्या तव्याचा. मोठ्या आचेवर कोरडा तवा ठेवून फोन घ्यायला गेलात, तर काही मिनिटांत तो २६० ओलांडतो. ३५० च्या पुढे लेप झपाट्याने विघटन पावतो आणि त्या वाफेने माणसाला फ्लूसारखा ताप येतो. पाळलेले पक्षी तर पटकन मरतात. इथे बऱ्याच घरांत पोपट नाहीतर लव्हबर्ड असतात, त्यांचा पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. लाकडी उलथनं वापरा, तारेची घासणी लावू नका, गरम तवा नळाखाली धरू नका. पापुद्रे निघायला लागले की तवा बदला, पंधरा वर्षांचा अभिमान बाळगू नका (तिसऱ्या वहिनींनी राग मानू नये). 'सिरॅमिक' म्हणून मिळतात त्यांत पीटीएफई नसतं, वाळूच्या जातीचा लेप असतो, पण त्याचा गुळगुळीतपणा लवकर जातो.

आणि आजीचा बिडाचा तवा? तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवून फिरवून ती तो तयार करायची. तापलेल्या लोखंडावर तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक काळी साय धरते. रसायनशास्त्राच्या भाषेत तेही बहुवारिकच! फरक इतकाच, की ते खरवडलं तर पुन्हा घरीच लावता येतं. वजनामुळे विमानातून आणणं जिवावर येतं, पण मी आणला आहे. घावन सुटतं. पहिली दोन सोडून द्यायची.

तव्याचं एवढं पुरे. कारखान्याची गोष्ट मात्र पार्कर्सबर्गला संपली नाही, ती फिरून आपल्या दारात आली आहे. इटलीत व्हिचेन्झा प्रांतात त्रिस्सिनो नावाच्या गावी मितेनी ही कंपनी अनेक दशकं पीफास बनवत होती, त्यांत पीएफओएही होता. २०१३ साली उघड झालं की तिच्यामुळे आसपासच्या सुमारे साडेतीन लाख लोकांचं भूजल दूषित झालं आहे. मुलांच्या रक्तात ही संयुगं निघाली तेव्हा तिथल्या आयांनी संघटना बांधली, 'मम्मे नो पीफास', म्हणजे पीफासविरोधी आया. २०१८ साली कंपनीचं दिवाळं निघालं. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी धरून तुरुंगवासाच्या शिक्षा दिल्या.

आणि यंत्रं? ती २०१९ साली लिलावात विकली गेली. घेतली आपल्या महाराष्ट्रातल्या लक्ष्मी ऑर्गॅनिक या कंपनीच्या एका उपकंपनीने, आणि ती पुन्हा उभी राहिली रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. खेड, चिपळूण, दापोली! आखातात कोकणातलं माणूस भेटलं की पुष्कळदा याच तालुक्यांचं निघतं. लोट्याच्या रासायनिक पाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार या कारखान्याच्या कितीतरी आधीपासून तक्रारी करत आले आहेत. २०२५ साली ही नवी बातमी गाजली तेव्हा आपलं काम नियमांप्रमाणेच चालतं, असं कंपनीने सांगितलं. तिथे तव्याचे लेप बनत नाहीत, औषधं आणि कीटकनाशकं बनवायला लागणारी फ्लोरीनची संयुगं बनतात, हेही नमूद करायला हवं. इटलीत झालं तेच लोट्यात झालं आहे, असं कुणी म्हणत असेल तर आज तरी ते घाईचं आहे.

पण गावाकडच्या नातलगांचा फोन आला, की "दादा, इथे पाणी तपासलं, पीएफओए सापडला नाही म्हणे, आता काळजी नाही ना?", तर त्यांना तव्याच्या खोक्याची गोष्ट सांगा. पीएफओए नाही म्हणजे त्या कुळातला एक जण नाही. पाण्यात एकूण किती आणि कुठली संयुगं मोजली, प्रत्येकाचा आकडा किती आला, नमुना विहिरीचा की नळाचा की नाल्याचा, आणि कुठल्या तारखेचा, हे लेखी मागायचं. व्हिचेन्झाच्या आयांनी सुरुवात अशाच कागदांपासून केली होती.